शनिवारी आलेलं लोखंड

मामा,

तुझ्या दशक्रियेला मी भांडायच्या तयारीनं आले होते. पिंडाला कावळा शिवला नाही की लोक काय काय बोलायला लागतात ते मला पाठ आहे. त्यावर मी दोन पानांचं पत्रक लिहिलेलं आहे, आणि ते वाचून तू "अक्षरं लई सुबक छापल्यात" एवढाच अभिप्राय दिला होतास. पण कावळा लगेच आला. पान ठेवून माणसं मागं सरकतात न सरकतात तोच आला, शिवला, गेला. शनिवार सोडला तर गिऱ्हाइकाला तू कधी ताटकळत ठेवलं नाहीस, आम्हालाही ठेवलं नाहीस. माझं भांडण तोंडातच राहिलं.

मग ते दुसऱ्या बाजूनं आलं. जेवणं उरकल्यावर थोरला मामा हात धुता धुता, मला ऐकू जाईल इतक्याच आवाजात म्हणाला, "शनवारचं लोखंड हाय ते. उंबऱ्यात आनू नगं म्हनलं तरी आनलं. शिकल्याली मान्सं ही."

बाकीचे पानं उचलत राहिले. मामीसुद्धा.

मी बोलले नाही, हे तुला खरं वाटणार नाही. तहसील कचेरीच्या दारात मी माईकशिवाय तासभर बोलते. पण तिथं मी हातातला तांब्या खाली ठेवला आणि भिंतीकडे बघत राहिले.

हे आमच्या अंधश्रद्धेविरुद्धच्या संघटनेच्या अंकात छापणार आहे, म्हणून तुला माहीत असलेलंही लिहावं लागतंय. वैतागू नकोस.

तुझं गॅरेज शिंगणापूरला वळायच्या फाट्याजवळ. म्हणजे आठवड्यातला सगळ्यात गर्दीचा वार शनिवार. तापलेल्या गाड्या, तुटलेले बेल्ट, मागच्या सीटवर ओकाऱ्या काढणारी पोरं, सगळं तुझ्या दारात. आणि नेमका त्याच दिवशी तुझा नियम: शनिवारी नवं लोखंड उंबऱ्याच्या आत आणायचं नाही, कुणाच्या गाडीला लावायचं नाही. पंक्चर काढायचास. बेल्ट बदलायचास, कारण तो रबराचा. वायर जोडायचास, कारण ती तांब्याची. एकदा एका जीपची क्लचप्लेट बदलायची होती तर ती हातात धरून तू मलाच विचारलंस, "ह्यात लोखंड किती आसंल गं?"

मी चिडून म्हणाले, "मामा, माणसाच्या रक्तात पण लोखंड असतं. शनिवारी रक्त बाहेर काढून ठेवतोस का?"

"ते जुनं हाय," तू म्हणालास. "आईनं दिल्यालं."

गिऱ्हाईक हसलं आणि रविवारपर्यंत थांबायला तयार झालं. तुझ्यापुढं माझा प्रत्येक मुद्दा असाच जायचा. मी तुझ्या भिंतीवर पत्रक चिकटवलं, "ग्रहांना घाबरणं सोडा, खड्ड्यांना जबाबदार कोण ते विचारा." पुढच्या वेळी आले तर ते भिंतीवर नव्हतं, गिअरबॉक्सखाली अंथरलेलं होतं. "तेल झ्याक शोषतंय," तू म्हणालास. "आजून आन धा-वीस." आणि पत्रकाच्या शेवटी 'आम्ही विचारतो' असं लिहिलं की तुझा प्रश्न ठरलेला: "आमी म्हंजी कोन कोन गं? तू आन् ती चष्म्यावाली, का आजून कोन हाय?"

दोघीच होतो, मामा. अजूनही दोघीच आहोत.

आता गाडीचं. साखर कारखान्याच्या एका माजी संचालकाच्या बंगल्यामागं जुनी कॉन्टेसा मोटार उभी होती. उभी कसली, तिच्यात कोंबड्या बसत होत्या. तू ती आणलीस तेव्हा मामी आठवडाभर बोलली नव्हती. उसाच्या ट्रॉल्यांचे मोडकी जुवं जोडून, टेम्पोंचे ब्रेक बघून जो वेळ उरायचा तो सगळा तू तिच्यात घातलास. इंजिन केलंस, पत्रा केलास, काळा रंग मारलास. लांबलचक नाक, रुंद छाती. कॉलेजची पोरं मोबाईलवर फोटो काढताना "मसल कार" म्हणायची, तू "पैलवान" म्हणायचास. फक्त मागून ती बसलेली होती. स्प्रिंगा थकल्या होत्या, आस धरणाऱ्या आर्मचे रबरी बुश झिजून गेले होते, खड्ड्यात मागची बाजू आडवी सरकायची.

"पैलवान हाय," तू सगळ्यांना सांगायचास, "फकस्त कंबार गेलीय."

कोइमतूरकडचा एक जण जुन्या गाड्यांसाठी मागचा सगळा संच नव्यानं बनवतो, हे मी तुला मोबाईलवर दाखवलं. कडक स्प्रिंगा, गॅसचे शॉकअप, मागचा आस जागेवर धरून ठेवणारे जाड आर्म, त्यांचे बुश. तो व्हिडिओ तू इतक्या वेळा बघितलास की मामी म्हणाली, "मी चुलीपाशी हाय आन् ह्यांची सवत मोबाईलवर हाय." पैसे अर्धे माझे, अर्धे तुझे. माझ्या आयुष्यात मी पहिल्यांदा कुठल्या तरी गोष्टीला पाठिंबा दिला, विरोध नाही, असं तू म्हणालास.

खोकं शुक्रवारी नगरच्या ट्रान्स्पोर्टला आलं. तू फोनवर म्हणालास, "सोमवारी आन." का सोमवारी, ते मी विचारलं नाही. मला माहीत होतं.

मी शनिवारी आणलं. मुद्दाम. हे लिहायला मला लाज वाटत नाही, पण मुद्दाम आणलं हे स्पष्ट लिहायलाच हवं. सोय म्हणून नव्हे, घाई म्हणून नव्हे. मला तुला हरवायचं होतं.

शिंगणापूरला निघालेल्या लोकांच्या जीपमध्ये ते खोकं सगळ्यांच्या पायांत ठेवलं. तेलाची बाटली मांडीवर घेतलेल्या एका बाईनं विचारलं, "काय हाय गं ह्यात पोरी?" मी म्हणाले, "लोखंड." तिनं पाय वर घेतले. पूर्ण रस्ताभर ती पाय वर घेऊन बसली. मला केवढा आनंद झाला होता, मामा.

तू दारातच होतास. रागावशील असं वाटलं होतं. तू म्हणालास, "आलीस? जेवलीस का?" मग खोकं बघितलंस आणि म्हणालास, "ऱ्हाऊ दे भाईर." मी ऐकलं नाही. दोन्ही हातांनी ओढत ओढत ते उंबऱ्याच्या आत आणलं, लादीवर आपटलं आणि कमरेवर हात ठेवून म्हणाले, "बघ! झालं का काही?"

तू हसलास. म्हणालास, "आजून शनवार संपला कुटं?"

एवढंच. मग तू त्याच्यावर पोतं टाकलंस, झोपलेल्या पोरावर टाकावं तसं. तू सांगितलेला सोमवार उलटेपर्यंत त्याला हात लावला नाहीस.

मंगळवारी मी पुन्हा आले, रजा टाकून. पोतं काढलंस, दोरी कापलीस, आणि तुझं तोंड बघण्यासारखं झालं. आर्मवरची वेल्डिंग तू बोटानं चाचपलीस, पंचांग बघतात तशी, ओळ न् ओळ. "काम केलंय भावानं," तू म्हणालास. तो कोण माणूस कोइमतूरकडचा, त्याला तुझी मराठी कळली नसती, पण त्याला हे सांगायला हवं असं तुला दिवसभर वाटत होतं. संध्याकाळी मला त्याला निरोप टाइप करायला लावलास. इंग्रजीत काय लिहू विचारलं तर म्हणालास, "लिव्ह, हात चांगला हाय."

गाडी जॅकनं उचलून लोखंडी घोड्यांवर टेकवली. मागची चाकं काढली. डावीकडचा आर्म तू मला बसवू दिलास. मी बोल्ट घातला, पाना लावला आणि जीव खाऊन कसला. मला वाटलं शाबासकी मिळेल. तू एक शब्द न बोलता तोच पाना घेतलास आणि तो बोल्ट ढिला केलास.

"का?"

"गाडी कुटं हाय?"

"घोड्यांवर."

"मंग आस लोंबतोय न्हवं? आत्ता कसलास तर बुशातलं रबार लोंबत्या जाग्यालाच घट धरतं. उद्या गाडी खाली घेतली, वजन पडलं, की रबार पिळवाटतं. पिळवाटलेलं रबार म्हैन्याभरात फाटतं. आदी जमिनीवर उतरवायची. तिला तिच्या वजनानं बसू द्यायची. मंगच कसायचं."

मी मान हलवली. तू तेवढ्यावर सोडणारा नव्हतास.

"तुझी पत्रकं आशीच आस्त्यात. हवेत कसल्याली. मानूस कुटं बसलाय, त्याच्यावर काय वजन हाय, कायबी बघायचं न्हाई. पाना लावायचा आन् कसायचं. मंग फाटतं आन् तू म्हन्तीस लोकच नालायक."

मला तेव्हा इतका राग आला होता. अजूनही आहे. मला अजूनही वाटतं तू चूक आहेस. लोक जमिनीवर बसायची वाट बघत राहिलो तर पन्नास वर्षं कुणी काहीच कसणार नाही, असं मी तुला सांगणार होते. त्यासाठी मी रविवारपर्यंत थांबणार होते, कारण राग जरा उतरला की मी नीट बोलते. माझं उत्तर तयार आहे, मामा. चांगलं उत्तर आहे. कुठं पाठवू?

बुधवारी संध्याकाळी तुझा फोन आला. दोन्ही बाजूंचं नवं सामान बसवून झालं होतं. सगळे नट तू हातानंच लावून ठेवले होतेस. म्हणालास, "उद्या ये. गाडी खाली घेऊ. तुझ्या हातानं कसायचं. ध्यानात ऱ्हाईल मंग."

मी म्हणाले, "उद्या निवेदन आहे. रविवारी येते."

"बरं. ऱ्हाऊ दे तशीच." मग थोडं थांबून, "मला बी जरा दमल्यावानी झालंय."

मी ते ऐकलं. फोन कानाला होता आणि डोळे प्रुफावर होते, पण ऐकलं. 'दमल्यावानी' हा शब्द मी आयुष्यात तुझ्या तोंडून पहिल्यांदा ऐकत होते आणि मी म्हणाले, "मग आराम कर की." आणि शब्दातली एक वेलांटी दुरुस्त केली.

शुक्रवारी सकाळी तू गेलास.

दवाखान्यातून कळलं की हृदयाचं हे दुखणं एका दिवसाचं नव्हतं. मामीला नंतर तुझ्या सदऱ्याच्या खिशात पित्ताच्या गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या सापडल्या, किती तरी. छातीत जळजळतं म्हणून तू स्वतःच पित्त ठरवून टाकलंस. दुसऱ्याची गाडी नुसत्या आवाजावरून ओळखणारा माणूस. चाकातून बारीक कुरकुर आली तर गिऱ्हाइकाला पुढं जाऊ न देणारा माणूस. तुझा मला इतका संताप येतो. कुणावर मोर्चा काढू? कुणाला निवेदन देऊ? माझं सगळं शिक्षण असं आहे की प्रत्येक मरणाला कुणीतरी जबाबदार असतो, त्याचं नाव शोधायचं, खुर्ची शोधायची आणि दारात जाऊन बसायचं. मी शोधते आहे. खुर्चीवर तूच बसलेला दिसतोस, आणि मग मी.

शनिवारचा आरोप मला खोडून काढता येतो. थोरल्या मामाला मी चार वाक्यांत गप्प करू शकते. लोखंड वार ओळखत नाही, हृदय पंचांग बघत नाही, गोळ्यांच्या पट्ट्या शनिवारच्या किती तरी आधीच्या आहेत. पुरावा माझ्या बाजूचा आहे. पण गुरुवारचा आरोप माझ्यावर कुणी केलेलाच नाही. एकानंही विचारलं नाही की मुक्ते, त्यानं बोलावलं होतं तर तू का आली नाहीस? आले असते तर तुझा चेहरा बघितला असता. बघून मला काही कळलं असतं का, हेही मला सांगता येत नाही. न केलेला आरोप खोडता येत नाही, मामा. त्याला उत्तर कुठं द्यायचं?

अकराव्या दिवशी मामीनं मला गॅरेजमध्ये बोलावलं. गाडी तशीच घोड्यांवर होती. मामी तिच्याकडे बघत नव्हती.

"मुक्ता, तेराव्याच्या आत ते काढ."

"काय?"

"नवं लोखंड. ज्येच्या जागी जे हुतं ते लाव. तूच काढ. दुसऱ्याला मी हात लावू द्येनार न्हाई."

मी सुरू झाले. तुला माहीत आहे मी कशी सुरू होते. पट्ट्यांचं सांगितलं, डॉक्टरांचं सांगितलं, हे काढलं तर तुम्ही थोरल्या मामाचं म्हणणं खरं ठरवता असं सांगितलं. "मामी, हे त्यांनी स्वतःच्या हातानं बसवलंय. मंगळवारी. आनंदानं. तुम्ही बघितलंय."

मामीनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मला ठावं हाय गं. लोखंडानं कोन मरत न्हाई. मी काय येडी हाय का?"

"मग?"

"मंग काय करू मी? सांग की. तुला लई कळतंय. पट्ट्या खिशात हुत्या, सदरा मीच धुत हुते. म्हंजी मलाच कळाय पायजे हुतं. आता त्येला काय करू? धा दिस झालं, माज्या हाताला करन्यासारखं कायबी न्हाई. येवढं येक हाय." ती पहिल्यांदा गाडीकडे वळली. "येवढं तरी करू दे."



मी गाडीखाली गेले. जीव एकवटून गेले होते, मोठा पाना घेऊन. तुझ्या हातचं काम आहे, सुटायला त्रास देईल, हातून रक्त निघेल, निदान तेवढं तरी होईल असं वाटलं होतं. पहिल्या नटाला बोट लावलं आणि तो फिरला. तू ते माझ्यासाठी ढिले ठेवले होतेस. एकालाही पाना लागला नाही. एक एक नट बोटांनी सुटत होता आणि तळहातात येत होता, आणि मी खाली पडून हुंदका दाबत होते कारण मामी वर बॅटरी धरून उभी होती. उजेड सारखा आसावरून घसरून माझ्या तोंडावर येत होता.

शॉकअप सोडले, आस जॅकवर खाली घेतला, स्प्रिंगा काढल्या. जुने आर्म, जुन्या स्प्रिंगा पुन्हा चढवल्या. गंजलेल्या, थकलेल्या. मामी एक एक हातात देत होती, तू शिकवलेल्या नावानं मागितलं की बरोबर तेच देत होती. इतकी वर्षं तिनं ह्या गाडीशी अबोला धरला होता, आणि तिला प्रत्येक भागाचं नाव माहीत होतं. तुला हे माहीत होतं का? मला वाटतं नव्हतं. सांगायचं राहिलेलं तिचंही असं बरंच असणार.

नवं सगळं पुन्हा खोक्यात भरलं. मी विचारलं, हे कुठं ठेवू. मामी म्हणाली, "तुझ्या खोलीवर ने नगरला. तुला काय शनी लागत न्हाई." टोमणा होता की परवानगी, मला कळलं नाही. ती पदरानं हात पुसत होती. तिच्या हाताला ग्रीस लागलं होतं आणि ते निघत नव्हतं.

मग तिनं विचारलं, "झालं?"

"झालं."

ती गाडीच्या मागं जाऊन उभी राहिली. मला वाटलं आता तिला हलकं वाटेल, रडेल तरी. तसं काही झालं नाही. ती तशीच होती, अकरा दिवस जशी होती तशी. मी म्हणाले होते तेच खरं ठरलं होतं: लोखंड आणून काही होत नाही आणि लोखंड काढूनही काही होत नाही. इतकी वर्षं तुझ्याशी ज्यासाठी भांडले ते माझ्यासमोर पदर पिळत उभं होतं.

"मुक्ता," ती म्हणाली, "आता त्येस्नी बरं वाटंल न्हवं?"

गेलेल्या माणसाला काही वाटत नाही, हे मी छापलेलं आहे. ठळक अक्षरात.

मी "व्हय मामी" म्हणाले.

तू ऐकलं असतंस तर आयुष्यभर चिडवलं असतंस. तू ऐकणार नाहीस याची खात्री होती, म्हणूनच म्हणू शकले.